कपाटातील फिती उतरवून घ्या!

(द्वितीय वर्ष कला)

आपल्याकडे एखादी गोष्ट खरी की खोटी हे ठरवायचे झाले, की पहिला प्रश्न येतो तो हा : ‘‘कागद आहे का?’’ बांधाचा वाद असो, जातीचा दाखला काढायचा असो, की इतिहासाच्या तासाला रंगलेली चर्चा असो. कागद ज्याच्याजवळ, त्याचे म्हणणे ऐकले जाते. ज्याच्याजवळ कागद नाही त्याच्या सांगण्याला ‘ऐकीव’ म्हणतात, आणि ऐकीव गोष्टीला परीक्षेत गुण मिळत नाहीत.

आमच्या सरांनी इतिहासाच्या साधनांचे प्रकरण शिकवताना इतिहासाचार्य राजवाडे यांच्याविषयी सांगितले. त्यांनी गावोगाव हिंडून जुनी दप्तरे गोळा केली, ती वाचली, उतरवून काढली आणि ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या नावाने खंडामागून खंड छापले. पहिला खंड १८९८ साली निघाला. पुढे १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. हे ऐकताना राजवाड्यांविषयी आदर वाटलाच. परंतु त्याबरोबर एक प्रश्नही मनात आला. ही दप्तरे सापडली ती कोणाच्या घरांत? ती सापडली सरदारांच्या वाड्यांत, देशमुख-देशपांड्यांच्या माळ्यांवर, कुलकर्ण्यांच्या फडताळांत. आमच्यासारख्यांच्या घरात राजवाडे आले असते तर त्यांना काय मिळाले असते? माझ्या पणजोबांनी आयुष्यभर मेंढरे राखली. आजोबांनी अंगठे उठवले. घरात स्वतःच्या हाताने सही करणारे पहिले माझे वडील, आणि महाविद्यालयाची पायरी चढणारी पहिली मी. आमच्या घराण्याचे दप्तर म्हणून दाखवण्यासारखे काहीच नाही, असे मी परवा-परवापर्यंत समजत होते.

परंतु असे एक दप्तर आहे. ते कागदावर नाही, फितीवर आहे. ते माझ्या घरी आहे. तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरीही असावे. त्याविषयीच मला चार शब्द लिहायचे आहेत.

१९९५ साली ‘डीव्ही’ या नावाची चित्रणाची नवी पद्धत बाजारात आली. तोपर्यंतचे घरगुती व्हिडिओ कॅमेरे चित्र आणि आवाज लहरींच्या रूपाने फितीवर उमटवीत. या नव्या पद्धतीत चित्राचे आकडे करून ते आकडे फितीवर लिहिले जाऊ लागले. ‘मिनी-डीव्ही’ नावाची तिची कॅसेट काडेपेटीहून थोडी मोठी, आतली फीत अवघी ६.३५ मिलिमीटर रुंद, आणि तिच्यात साधारणपणे साठ मिनिटांचे चित्रण मावे. कॅमेरा हातात मावण्याइतका लहान झाला. पुढील पाच-दहा वर्षांत तो मुंबई-पुण्याहून तालुक्याच्या गावी आला, फोटो स्टुडिओवाल्यांच्या हाती पडला, आणि ‘शूटिंग’ हा शब्द आमच्या वाड्या-वस्त्यांवर रूढ झाला.

ही घटना आपण वाटते तितकी लहान समजू नये. नाशिक जिल्ह्यातील मालेगावात यंत्रमागांवर राबणाऱ्या लोकांच्या वस्तीत शेख नासिर यांनी २००० साली ‘मालेगाँव के शोले’ हा चित्रपट व्हिडिओवर काढला. त्यांच्या पुढच्या एका चित्रपटाच्या निर्मितीवर फैजा अहमद खान यांनी ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला. त्यात कॅमेरा पाण्यात पडतो आणि सगळे काम खोळंबते, तेव्हा त्या एका यंत्रावर किती जणांची उमेद टांगलेली आहे ते दिसते. ज्यांच्याकडे कोणी कॅमेरा रोखला नव्हता त्यांच्या हाती कॅमेरा आला, ही त्या काळाची खरी गोष्ट होय.

आमच्या माणदेशात या कॅमेऱ्याने चित्रपट काढले नाहीत. त्याने लग्ने घेतली, बारशी घेतली, शिखर शिंगणापूरच्या यात्रेला निघालेल्या कावडी घेतल्या, गजीनृत्याचे फेर घेतले, नव्या बांधलेल्या घराची वास्तुशांत घेतली. माझ्या चुलत्यांचे लग्न २००४ साली झाले, तेव्हा माझा जन्मही झालेला नव्हता. त्या लग्नाच्या सात कॅसेटी आमच्या पत्र्याच्या ट्रंकेत लुगड्याच्या घडीत बांधून ठेवलेल्या होत्या. वस्तुतः शूटिंगवाले अशा कॅसेटी गिऱ्हाइकाला देत नसत. लग्नाची सीडी किंवा डीव्हीडी करून दिली, की त्याच कॅसेटीवर पुढचे लग्न घेत. कारण कॅसेटीला पैसे पडत. चुलत्यांनी हट्टाने जादा पैसे मोजून त्या मागून घेतल्या, म्हणून त्या राहिल्या.

या दिवाळीच्या सुट्टीत मी त्या सातही कॅसेटी संगणकात उतरवून घेतल्या. तालुक्यातील ज्या स्टुडिओवाल्यांनी ते लग्न घेतले होते त्यांचा जुना कॅमेरा आणि जुना संगणक अजून चालू होता. त्यांनी मला दोन रविवार बसू दिले. चौथ्या कॅसेटीत हळदीच्या आदल्या रात्री माझी आजी जात्यावर बसून ओव्या म्हणते आहे. मध्येच ती थांबते, कॅमेऱ्याकडे पाहते आणि विचारते, ‘‘ह्येच्यात माझा आवाज ऱ्हातुय व्हय रं, लेकरा?’’ कॅमेऱ्यामागून उत्तर येते, ‘‘ऱ्हातुय की, आज्जी.’’ ती पुन्हा म्हणू लागते. आजी २०११ साली गेली. मी त्या वेळी चार वर्षांची होते. तिचा आवाज मला आठवत नव्हता.

त्या माणसाने आजीला दिलेले उत्तर खरे होते काय? मला वाटते, ते अर्धेच खरे होते. आवाज फितीवर उमटला होता, एवढेच. तो ‘राहणार’ की नाही हे पुढे कोणी ती फीत उतरवून घेतो की नाही यावर अवलंबून होते. चित्रण करणे हे अर्धे काम आहे. ते फितीवरून काढून, नीट नाव देऊन, दोन ठिकाणी जपून ठेवणे हे उरलेले अर्धे. पहिले अर्धे काम मागच्या पिढीने पैसे मोजून करून ठेवले आहे. दुसरे अर्धे आपल्या वाट्याला आलेले आहे आणि त्याला आता फार थोडा वेळ शिल्लक आहे, हे या लेखाचे सांगणे.

‘डिजिटल’ या शब्दाने आपल्यापैकी अनेकांची समजूत अशी झाली आहे, की जे डिजिटल ते अविनाशी. ही समजूत चुकीची आहे. आकडे अविनाशी असतील. पण ते ज्या फितीवर लिहिले आहेत ती फीत म्हणजे प्लॅस्टिकच्या पट्टीवर बसवलेला धातूचा अत्यंत पातळ थर होय. दमट हवेत तिच्यावर बुरशी धरते. आमच्याकडे दमटपणा नाही, पण धूळ आहे आणि उन्हाळ्यात तापणारा पत्रा आहे. जुन्या व्हीएचएस फितीवर खराबी आली तर चित्र अंधुक होई, पट्टे पडत, तरी माणूस ओळखू येई. डीव्ही फितीवरचे आकडे थोडे बिघडले तर कॅमेरा ते सावरून घेतो. मर्यादेपलीकडे बिघडले की चेहऱ्याच्या जागी नुसते चौकोन दिसतात आणि आवाज तुटतो. आणि फीत उत्तम राहिली तरी ती वाचणारे यंत्र हवेच. मिनी-डीव्ही कॅमेरे आता कोणी नवे बनवीत नाही. जे आहेत त्यांची फीत वाचणारी चकती दर तासाला झिजते आहे, आणि ती बदलून देणारे कारागीर कमी होत आहेत.

ही केवळ माझी भीती नव्हे. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनि संग्रहालयाने २०१५ सालीच इशारा दिला होता, की फितींवरचा जो संग्रह २०२५ पर्यंत संगणकात उतरवला जाणार नाही त्यातील बहुतेक गमावल्यातच जमा धरावा लागेल. २०१९ साली युनेस्कोच्या एका कार्यक्रमाने ध्वनिचित्र संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेबरोबर हीच धोक्याची घंटा पुन्हा वाजवली. व्हीएचएसची यंत्रे बनवणारी जपानची फुनाई ही कंपनीही २०१६ साली त्या धंद्यातून बाहेर पडली. २०२५ हे साल येऊन गेले आहे. म्हणजे आपण मुदत संपल्यानंतर बोलत आहोत.

फीत उतरवायची म्हणजे काय करायचे, हे थोडे सविस्तर सांगते. कारण येथेच बहुतेकांची फसगत होते. डीव्ही कॅमेऱ्याला बहुधा तीन प्रकारची तोंडे असतात. एक पिवळ्या, पांढऱ्या आणि लाल तारांचे. हे दूरदर्शन संचाला जोडण्यासाठी. दुसरे यूएसबीचे. आपल्याला मोबाईलमुळे हेच ओळखीचे, म्हणून आपण आधी तेच जोडतो. पण पुष्कळ कॅमेऱ्यांत ते फक्त स्थिर छायाचित्रे काढण्यापुरते किंवा कमी प्रतीचे चित्र पाठवण्यापुरतेच असते. तिसरे तोंड चिमुकले, चार टाचण्यांचे. त्याला कोणी फायरवायर म्हणते, कोणी आय-लिंक. हेच खरे तोंड. या तारेतून फितीवरचे आकडे जसेच्या तसे संगणकात येतात. पिवळ्या तारेतून मात्र आकड्यांचे आधी चित्र होते आणि त्या चित्राचे संगणकात पुन्हा नवे आकडे करावे लागतात. मूळ पोथी समोर असताना तिचे छायाचित्र काढून, त्या छायाचित्रावरून नक्कल लिहावी, तसा हा प्रकार.

त्यात आणखी एक गोष्ट आहे. डीव्ही फितीवर प्रत्येक चित्राबरोबर चित्रणाची तारीख आणि वेळही गुपचूप नोंदलेली असते. पडद्यावर ती दिसत नाही. परंतु फायरवायरमधून उतरवले तर ती धारिकेत सोबत येते. पिवळ्या तारेने उतरवले की ती गेली. इतिहासाच्या विद्यार्थ्याला वेगळे सांगायला नको, की तारीख गेलेला कागद आणि तारीख असलेला कागद यांत किती अंतर असते. अर्थात कॅमेऱ्याचे घड्याळ कोणी नीट लावलेलेच नसेल तर ती तारीख खोटीही असू शकते. म्हणून ती लग्नपत्रिकेशी ताडून पाहावी. साधनांची चिकित्सा म्हणतात ती हीच.

आमच्या नात्यातील एका घराने आपल्या कॅसेटी एका शहरातील दुकानात उतरवायला दिल्या होत्या. तिथून पेनड्राइव्हवर जे आले ते पिवळ्या तारेने घेतलेले, वर आणखी दाबून लहान केलेले. माणसांचे चेहरे मेणासारखे दिसत होते आणि तारीख कुठेच नव्हती. दुकानदाराला दोष देऊन काय करायचे? गिऱ्हाइकाने काय मागावे हे गिऱ्हाइकाला ठाऊक नव्हते. म्हणून हे ज्ञान आपल्याजवळ पाहिजे.

संगणकाकडे फायरवायरचे तोंड लागते. जुन्या संगणकांत ते असे. नसल्यास त्याचे कार्ड बसवता येते. आता हीही वाट बंद होत चालली आहे. ज्या ॲपल कंपनीने ‘फायरवायर’ हे नाव दिले, तिनेच २०२५ साली आणलेल्या नव्या प्रणालीतून तिचा आधार काढून टाकला. म्हणून कार्यालयातून, प्रयोगशाळेतून जुने संगणक भंगारात निघतात तेव्हा त्यांच्या पाठीमागे एकदा वाकून पाहावे, अशी माझी विनंती आहे. तार जोडताना कॅमेरा बंद ठेवावा. चालू यंत्राला तार जोडताना तोंड जळाल्याची उदाहरणे जाणकार सांगतात. मग कॅमेरा ‘प्ले’ किंवा ‘व्हीसीआर’वर लावायचा आणि संगणकावर विनडीव्ही किंवा लिनक्सवर डीव्हीग्रॅब यांसारखी एखादी मोफत प्रणाली चालू करायची. दर सेकंदाला पंचवीस चित्रे या वेगाने फीत संगणकात उतरू लागते.

आणि येथून पुढे बसायचे. साठ मिनिटांची फीत साठ मिनिटेच घेते. मोबाईलमधून मोबाईलमध्ये क्षणात चित्रफिती पाठवणाऱ्या आपल्या पिढीला हे फार जड जाते. पहिल्या तासाला मलाही ते जड गेले. परंतु दुसऱ्या-तिसऱ्या कॅसेटीनंतर ध्यानात आले, की या सक्तीत मोठा लाभ आहे. कोणतीही काटछाट नसलेले सात तास मी पूर्ण पाहिले. मांडवात कोण कोठे बसले आहे, कोणाला आधी पाने वाढली, कोणत्या बायका शेवटपर्यंत चुलीपाशीच राहिल्या, हे सारे पाहिले. सोबत वही ठेवली आणि कितव्या मिनिटाला काय आहे ते लिहीत गेले. ज्या चेहऱ्यांची ओळख पटली नाही त्यांच्याविषयी घरी येऊन विचारले. वडिलांनी एकाएकाचे नाव, गाव, नाते सांगितले. आणखी दहा वर्षांनी हे प्रश्न विचारायला मला कोण मिळाले असते?

हिशेब करायचा तर तोही अवघड नाही. एका तासाचे डीव्ही चित्रण सुमारे १३ जीबी जागा घेते. माझ्या सात कॅसेटींना ९१ जीबी लागले. एक टीबीच्या एका हार्ड डिस्कवर सत्तर-पंचाहत्तर कॅसेटी मावतात, म्हणजे एका वस्तीचे सगळे दप्तर तळहाताएवढ्या डबीत राहील. जुन्या पद्धतीने तयार केलेला पेनड्राइव्ह ४ जीबीहून मोठी धारिका घेत नाही, म्हणून अठरा-एकोणीस मिनिटांनंतर काम अडते. डिस्क आधीच नव्या पद्धतीने तयार करून घ्यावी. धारिकेला ‘नवीन १’, ‘नवीन २’ अशी नावे देऊ नयेत; साल, गाव, प्रसंग आणि कॅसेटीचा क्रमांक नावातच घालावा. प्रती दोन कराव्यात आणि त्या दोन वेगवेगळ्या घरांत ठेवाव्यात. आणि उतरवून झाले म्हणून मूळ कॅसेट टाकून देऊ नये.

आता काही आक्षेपांचा विचार करू.

पहिला आक्षेप असा, की लग्नाची डीव्हीडी घरी आहेच, मग कॅसेटीचे काय महत्त्व? त्यावर माझे उत्तर आहे, की दोन्ही शेजारी-शेजारी लावून पाहा. आमच्या डीव्हीडीत मुहूर्ताच्या वेळी हिंदी चित्रपटातील गाणे वाजते, पडद्यावर बदामाच्या आकाराचे तुकडे फिरतात. हळदीची रात्र दोन मिनिटांत संपते आणि तिच्यावरही गाणेच आहे. आजीचा आवाज त्यात नाही. शूटिंगवाल्यांनी त्या काळच्या आवडीप्रमाणे आपले काम केले, त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. परंतु मंगलाष्टकांचे सूर, बायकांची गाणी, म्हाताऱ्यांची बोली, मांडवातले रुसवे-फुगवे हे सारे केवळ मूळ फितीवर आहे. डीव्हीडी हा सारांश आहे, फीत हे साधन आहे. शिवाय घरोघरीच्या त्या चकत्याही आता अडखळू लागल्या आहेत.

दुसरा आक्षेप : आता प्रत्येकाच्या हाती मोबाईल आहे, चित्रणाचा पूर आला आहे, जुन्या फितींत एवढे जीव अडकवण्याचे कारण काय? मोबाईलवरचे चित्र स्पष्टतेने मिनी-डीव्हीच्या कितीतरी पुढे आहे, हे मान्य. परंतु आज काढलेले चित्र २००४ साल दाखवू शकत नाही. जे घर रस्तारुंदीत गेले, जी माणसे गेली, जी गाणी डीजेच्या भिंतीपुढे गप्प झाली, ती आज कितीही चांगल्या मोबाईलने घेता येणार नाहीत. दुसरे असे, की मोबाईलच्या पिढीचीही तीच गत होणार आहे. मोबाईल हरवतो, फुटतो, जागा भरली म्हणून आपणच चित्रणे पुसून टाकतो. मिनी-डीव्हीवाल्यांच्या ट्रंकेत निदान कॅसेट तरी राहिली. आपल्या ट्रंकेत काय राहील? म्हणून उतरवण्याची, नाव देण्याची, जपण्याची सवय ज्याला जुन्या फितीवर लागेल, तोच आपले आजचे चित्रणही वाचवील.

तिसरा आक्षेप आमच्याच वर्गातील एका मित्राने घेतला. तो म्हणाला, ‘‘कुणाच्या लग्नाच्या कॅसेटीत इतिहास कसला आलाय?’’ त्याला मी जात्यावरच्या ओव्यांचे उदाहरण दिले. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांतील पुष्कळ ध्वनिमुद्रित झाल्या. २०१७ सालापासून ‘पारी’ या उपक्रमाने त्या संगणकाद्वारे सर्वांसाठी खुल्या केल्या. आज कोणीही त्या बाईचे नाव, गाव पाहून तिची ओवी ऐकू शकतो. जाते ओढताना म्हटलेल्या गाण्यालाही कोणी साहित्य समजत नव्हते. पण ते नीट नोंदले गेले तेव्हा त्यातून मराठी स्त्रीच्या मनाचे एक दप्तरच उभे राहिले. उलट उदाहरण हवे तर १९३१ सालचा ‘आलम आरा’ घ्या. भारताचा पहिला बोलपट, त्याचे नाव प्रत्येक सामान्यज्ञानाच्या पुस्तकात आहे. परंतु त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ साली, तोपर्यंत बरेच काही हातचे गेले होते. देशातल्या पहिल्या बोलपटाची ही कथा, तर आमच्या ट्रंकेतल्या कॅसेटीची काळजी कोणते संग्रहालय वाहणार? ती आपणच वाहिली पाहिजे.

येथे एक पथ्यही सांगितले पाहिजे. फीत आपल्या घरची असली तरी तिच्यात दिसणारी सगळी माणसे आपल्या मालकीची नव्हेत. कोणी त्यात रडते आहे, कोणी भांडते आहे, कोणाचा मोडलेला संसार त्यात नव्याने उभा राहताना दिसतो आहे. ज्या बायकांनी २००४ साली घरच्या माणसापुढे गाणे म्हटले, त्यांनी साऱ्या जगापुढे म्हटले नव्हते. म्हणून उतरवून घेणे वेगळे आणि मोबाईलवरून चहूकडे धाडणे वेगळे. ज्यांचे चित्रण आहे त्यांना आधी दाखवावे, विचारावे. ती व्यक्ती नसेल तर घरच्यांना विचारावे. नको म्हणाले तर ते कपाटात राहू द्यावे. जपण्याचा हक्क आपल्याला आहे. मिरवण्याचा हक्क मागून घ्यावा लागतो.

आता आपल्या महाविद्यालयाविषयी. माझी सूचना मोठ्या खर्चाची नाही. ग्रंथालयाच्या एका कोपऱ्यात फायरवायर असलेला एक जुना संगणक, एक चालता मिनी-डीव्ही कॅमेरा आणि दोन हार्ड डिस्क एवढे साहित्य पुरेसे आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण दरवर्षी रस्ते झाडतो, खड्डे खणतो, झाडे लावतो. ही कामे चांगलीच आहेत. त्याबरोबर ज्या गावी शिबिर असेल तेथे घरोघर विचारावे : ‘‘तुमच्याकडे जुन्या कॅसेटी आहेत का?’’ त्या पावती देऊन आणाव्यात, उतरवाव्यात आणि कॅसेट व एक प्रत परत न्यावी. मराठी विभागाने त्यातील ओव्या, म्हणी, बोलीतील शब्द टिपून घ्यावेत. इतिहास विभागाने गावाच्या खुणा नोंदवाव्यात. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला तर मांडवातल्या पंगतीसारखे दुसरे पाठ्यपुस्तक नाही. आपण प्रकल्पासाठी एकमेकांच्या वह्यांतून जे उतरवतो त्याऐवजी हे उतरवले, तर प्रकल्पवहीलाही काही किंमत येईल. हे मी गुरुजनांच्या क्षमेने लिहीत आहे.

कोणी म्हणेल, याने नोकरी मिळणार आहे काय? कदाचित नाही. आमच्या घरून मला महाविद्यालयात धाडले ते नोकरीसाठीच. ती मला हवी आहे, हे मी लपवीत नाही. परंतु ज्या घरात पहिल्यांदाच कोणी लिहू-वाचू लागते, त्या घरात त्या एका माणसावर आणखी एक काम येऊन पडते. घरातल्या कागदांचा अर्थ लावायचा, अर्ज भरायचा, पत्र वाचून दाखवायचे, हे आपण सगळेच करतो. घराची आठवण लिहून ठेवणे हेही त्याच कामातले आहे. आपल्या मागच्यांना ते करता आले नाही. आपल्या पुढच्यांना ते करायला यंत्रे उरणार नाहीत. मधे सापडलेलो आपणच.

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, या उन्हाळ्यात गावी गेलात की ट्रंक उघडा, माळा पाहा, चुलत्या-मामांना विचारा. मिनी-डीव्हीची कॅसेट सापडली तर तिच्या पाठीवर एक लहानशी सरकपट्टी असते. ती आधी ‘सेव्ह’ या बाजूला सरकवा, म्हणजे तिच्यावर चुकून दुसरे काही उमटणार नाही. कॅसेट उन्हात ठेवू नका, मिळेल त्या कॅमेऱ्यात घालून पाहण्याची घाई करू नका. वरच्या चिठ्ठीवर साल आणि गाव लिहा, कोरड्या डब्यात ठेवा आणि जूनमध्ये येताना घेऊन या. आमचे स्टुडिओवाले काका अजून रविवारी दुकान उघडतात आणि त्यांचा संगणक अजून चालतो. फितीपुढे तास-तास बसायची माझी तयारी आहे. आणखी चार-पाच जण तयार झाले, तर पुढच्या वार्षिकांकापर्यंत आपण पन्नास कॅसेटी सहज उतरवू.